सुताराची बेगमी

काका, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. तुम्ही साताऱ्याहून मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आला आहात. सकाळच्या फेरीत टेकडीच्या पायथ्याशी एक वठलेलं झाड दिसलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चाळणीसारखी भोकं आणि जवळजवळ प्रत्येक भोकात ओकच्या झाडाचं फळ, म्हणजे एकॉर्न, ठोकून बसवलेलं. वर लाल टोपीचे, पांढऱ्या डोळ्यांचे पाच-सहा पक्षी कलकलाट करत होते. तुम्ही विचारलंत, हे कशासाठी? यानं झाड मरत नाही का? शेजारी म्हणतात तसं, पक्ष्याला फळ नको असतं, त्यात पडणारी अळी हवी असते, हे खरं का? आपल्याकडचे सुतार पक्षी असं करतात का? आणि मुलीच्या घराच्या लाकडी भिंतीवरही भोकं दिसायला लागली आहेत, त्याचं काय करायचं?

हा एकॉर्न वुडपेकर. आकारानं आपल्या साळुंकीएवढा, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्याला 'कार्पिंतेरो' म्हटलं, म्हणजे सुतारच. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. दोन टोकांच्या दोन भाषांनी पक्ष्याला एकाच कारागिराचं नाव दिलं. मी गेली बावीस वर्षं या टेकड्यांमध्ये पक्ष्यांच्या नोंदी ठेवते आहे आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ या एका पक्ष्यापायी गेला आहे.

तुम्ही पाहिलंत ते झाड म्हणजे त्यांचं कोठार. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती लक्षात यायला मला स्वतःला काही वर्षं लागली. आपली नजर भोकांत बसवलेल्या फळांवर जाते. खरी संपत्ती ती नव्हे, खरी संपत्ती भोकं. एकॉर्न दर वर्षी येतात आणि संपतात, भोकं मात्र पिढ्यान्पिढ्या राहतात. कणगी रिकामी झाली म्हणून कोणी ती फेकून देत नाही, तसंच.

एक भोक पाडायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. बहुतेक काम हिवाळ्यात, फळांची घाई संपल्यावर चालतं. एका बैठकीत कोणी भोक पुरं करतोच असं नाही. एक पक्षी चार ठोके मारून उडून जातो, दुसरा येऊन तेच पुढे चालवतो. मोठ्या कोठारात हजारो भोकं असतात, आणि ५०,०००पर्यंत भोकं असलेली झाडं नोंदली गेली आहेत. जरा हिशेब करून पाहा. प्रत्येक भोकाला नुसता अर्धा तास धरला तरी २५,००० तास होतात. एकाच पक्ष्यानं रोज पाच तास दुसरं काही न करता ठोकत बसायचं म्हटलं, तर तेरा-चौदा वर्षं जातील. या जातीतला दीर्घायुषी पक्षी सोळा-सतरा वर्षं जगतो. म्हणजे असं झाड एका जन्मात उभं राहत नाही. तुमच्या समोरचे पक्षी ज्या भोकांत फळं ठेवत होते, त्यातली कितीतरी त्यांच्या आज्या-पणज्यांनी पाडलेली असतील.

म्हणूनच हा पक्षी एकटा राहत नाही. तुम्ही पाहिलेले पाच-सहा जण म्हणजे एक कुटुंब, आणि कुटुंबही साधं नव्हे. प्रजनन करणारे नर एकापासून सातपर्यंत असू शकतात, आणि ते बहुधा भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात. माद्या एक ते तीन, त्या बहिणी किंवा मायलेकी, आणि सगळ्या एकाच ढोलीत अंडी घालतात. शिवाय आधीच्या वर्षांची मुलंमुली घर न सोडता थांबलेली असतात. ती धाकट्यांना भरवतात, कोठार भरतात, पहारा देतात. या एकत्र कुटुंबात सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं समजू नका. दोन माद्या एका ढोलीत अंडी घालणार असल्या, की एकीनं आधी घातलेलं अंडं दुसरी चोचीत धरून बाहेर काढते. ते फांदीवर नेऊन फोडलं जातं आणि कुटुंबातले खातातही, कधी जिनं घातलं ती स्वतःसुद्धा. दोघींची घालायची वेळ जुळेपर्यंत हे चालतं. पहिल्यांदा दुर्बिणीतून मी हे पाहिलं त्या दिवशी घरी येऊन वही उघडावीशी वाटली नाही.

हे सगळं एवढ्या बारकाईनं माहीत आहे ते मुख्यतः एका जागेमुळे. मॉन्टरे परगण्यात, कार्मेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला, हेस्टिंग्ज नावाचं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं राखीव अभ्यासक्षेत्र आहे. तिथे १९६८ साली मायकेल आणि बार्बरा मॅकरॉबर्ट्स या दांपत्यानं या पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून एकेकाची ओळख ठेवायला सुरुवात केली. पुढे वॉल्टर केनिग, रोनाल्ड मम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम दशकानुदशकं चालू ठेवलं. कोणाचा बाप कोण, कोण कुठून आला, कोणत्या झाडावर किती वर्षं राहिला, याच्या वंशावळी तिथे आहेत. ती जागा संशोधनासाठी असल्यानं आपल्याला सहज जाता येत नाही, पण तिथून आलेल्या माहितीवर आम्हा सगळ्यांचं पाहणं उभं आहे.

आता अळीचा प्रश्न. ही समजूत जुनी आहे आणि ऐकायला पटतेही. सुतार म्हणजे किडे खाणारा, मग त्याला फळाचं काय काम? या पक्ष्याचं शास्त्रीय नावसुद्धा त्याच चालीवर पडलं. १८२७ साली स्वेन्सन या निसर्गअभ्यासकानं त्याला 'फॉर्मिसिव्होरस' म्हटलं, म्हणजे मुंगीखाऊ. पण प्रत्यक्षात तो फळाचा गरच खातो. तुम्हाला हे स्वतः पडताळून पाहता येईल. कोठाराजवळच एखादी जाड आडवी फांदी किंवा खांबाचा माथा शोधा, ज्यावर खाचा पडलेल्या असतील. ती त्यांची ऐरण. फळ तिथे खाचेत अडकवून फोडतात आणि गर टिपतात. खाली टरफलांचा सडा पडलेला असतो. अळीसाठी साठवायचं असतं तर किडकी फळं आधी निवडली असती, आणि ती अशा कोरड्या, हवेशीर जागी ठेवली नसती. किडे त्याला आवडतात, यात शंका नाही. उन्हं पडली की शेंड्यावरून उडी घेऊन हवेतले किडे पकडतो, पिल्लांना भरवण्यात किड्यांचा मोठा वाटा असतो, झाडाचा रसही चाखतो. एकॉर्न ही त्याची बेगमी, म्हणजे किडे मिळत नाहीत त्या दिवसांची तरतूद. वर्षभराच्या खाण्यात साठ्याचा वाटा दिसतो तेवढा मोठा नाही. पण साठा वसंतापर्यंत पुरला तर पिल्लं जास्त वाढतात आणि हिवाळ्यात पक्षी कमी दगावतात, हे हेस्टिंग्जच्या नोंदींतून स्पष्ट झालं आहे.

एकॉर्न हे काही उत्तम अन्न नव्हे. प्रथिनं कमी आणि टॅनिन भरपूर. हिरडा चघळल्यावर जीभ जशी आखडते तसा तुरटपणा. तुम्ही राहता त्या भागातले मूळचे ओलोनी लोक एकॉर्न दळून, पीठ पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन मगच शिजवत. पक्षी ते तसंच खातो.

झाड मरतं का? नाही. भोकं वठलेल्या लाकडात किंवा जिवंत झाडाच्या जाड सालीत असतात. आतल्या जिवंत थरापर्यंत ती सहसा पोचत नाहीत. तुमचं झाड आधीच वठलेलं होतं, म्हणून तर ते निवडलं गेलं. जाड सालीचे पाइन, मोठे व्हॅली ओक, ओढ्याकाठचे सायकॅमोर, विजेचे लाकडी खांब, कुंपणाचे डांब, सगळं त्यांना चालतं.

आता पाहायचं कसं, ते सांगते, कारण तुम्ही अजून तीन महिने इथे आहात आणि हंगाम सुरू होतो आहे.

सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत फळं उतरवण्याची धांदल असते. पक्षी ती जमिनीवरून फारशी वेचत नाही, थेट झाडावरून तोडून आणतो. सकाळी नऊच्या सुमारास कोठारापासून पंचवीस-तीस पावलांवर, ऊन पाठीवर घेऊन बसा. पहिली दहा मिनिटं दुर्बीण डोळ्याला लावू नका. नुसतं पाहा की पक्षी कुठून येतात. सगळे एकाच दिशेनं येत असतील तर त्या दिशेला भरलेला ओक आहे. मग एकच पक्षी धरा. नर-मादी ओळखणं सोपं आहे: नराची लाल टोपी कपाळावरच्या पांढऱ्याला थेट भिडते, मादीच्या लाल आणि पांढऱ्यामध्ये काळा पट्टा असतो.

एकॉर्न घेऊन आलेला पक्षी काय करतो, हेच सगळ्यात पाहण्यासारखं. तो ते कोणत्याही भोकात कोंबत नाही. टोकदार बाजू आत करून लावून पाहतो, सैल वाटलं की काढतो, दुसऱ्या भोकाकडे सरकतो. एकदा एका मादीला मी एकच फळ सात भोकांत लावून पाहताना बघितलं. सातव्यात ते घट्ट बसलं तेव्हा तिनं वरून पाच-सहा ठोके मारले आणि गेली. ठोकलेलं एकॉर्न इतकं पक्कं असतं की बोटांनी ते निघत नाही. निळ्या 'जे' नावाच्या पक्ष्यांना आणि खारींना चोरी अवघड जावी, हाच त्याचा उपयोग. तरी चोर येतातच, आणि आले की अख्खं कुटुंब 'वाका-वाका' करत अंगावर धावून जातं. तुम्ही ऐकलेला कलकलाट बहुधा तोच.

लोकांच्या नजरेतून निसटतं ते काम याच्यापुढचं आहे. ताजं एकॉर्न रसरशीत असतं, वाळलं की आक्रसतं. आज घट्ट बसवलेलं काही आठवड्यांनी खुळखुळायला लागतं. म्हणून नोव्हेंबरपासून पुढे पक्षी रोज कोठाराची फेरी काढतात, चोचीनं एकेक तपासतात आणि सैल झालेलं काढून लहान भोकात हलवतात. कोठारात लहान-मोठी सगळ्या मापांची भोकं लागतात ती यासाठी. आपल्याकडे धान्याला ऊन देणं, पाखडणं, पुन्हा भरणं चालतं, तशी ही राखण. वहीत दोन रकाने करा: 'नवीन आणलं' आणि 'जागा बदलली'. ऑक्टोबरात पहिला रकाना भरेल, डिसेंबरात दुसरा. दोन महिन्यांनी ही वही तुमच्या हातात असेल तेव्हा मला जरूर दाखवा.

भोकं मोजायची असतील तर सगळं झाड मोजायला जाऊ नका. बुंध्यावर वीतभर चौरस नजरेनं आखा, त्यातली भोकं मोजा, अशा चार-पाच जागा घ्या, सरासरी काढा आणि बुंध्यावर असे जितके चौरस बसतील त्या संख्येनं गुणा. भरलेली आणि रिकामी वेगळी लिहा. भरलेल्यांचं प्रमाण महिन्यागणिक कसं उतरतं, त्यावरून कुटुंबाचा हिवाळा कसा जाणार ते कळतं. साठा लवकर संपला तर काही कुटुंबं ती जागा सोडूनही जातात.

आणि साठा संपतो तो ओकच्या लहरीमुळे. ओकची झाडं दर वर्षी सारखी फळत नाहीत. एका वर्षी फांद्या वाकतात, पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही, आणि मैलोन्मैल पसरलेली एका जातीची झाडं हे एकदमच करतात. केनिग यांनी १९८०पासून हेस्टिंग्जमध्ये दर वर्षी त्याच झाडांची मोजणी चालवली. पद्धत इतकी साधी की तुम्हीही करू शकाल. दोघांनी एका झाडाचे वेगवेगळे भाग घ्यायचे, प्रत्येकानं १५ सेकंदांत दिसतील तेवढी एकॉर्न मोजायची आणि दोन्ही आकडे मिळवायचे. त्यातून कळलं की व्हॅली ओक आणि ब्लू ओकच्या बाबतीत एप्रिलमध्ये, फुलोऱ्याच्या वेळी, हवा उबदार असली की पीक चांगलं येतं. ब्लॅक ओकचं फळ पिकायला मात्र दोन वर्षं लागतात, त्यामुळे त्याचं वेळापत्रकच निराळं.

पक्ष्याच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोठा आहे. जिथे ओकची एकच जात आहे तिथे एका वाईट वर्षात सगळं बुडतं. जिथे तीन-चार जाती एकत्र आहेत तिथे एक रुसली तरी दुसरी देते. म्हणूनच हा पक्षी नुसत्या ओकवर नाही, ओकच्या विविधतेवर जगतो. उत्तरेकडे ओकच्या जाती कमी होत जातात तिथे हाही विरळ होत जातो. ज्वारी हातची गेली तर निदान हरभरा हाती लागेल, अशा बेतानं पेरणारा आपला कोरडवाहू शेतकरी ही गोष्ट एका वाक्यात समजेल. आमच्याकडे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून 'सडन ओक डेथ' नावाचा रोग पसरतो आहे. तो कोस्ट लाइव्ह ओक आणि ब्लॅक ओकला मारतो, व्हॅली आणि ब्लू ओकला सोडतो. डोंगर दुरून हिरवाच दिसतो, पण पक्ष्याच्या हातातली एक-एक जात निसटत जाते. मला त्याची खरी काळजी वाटते.

सगळीकडे हा पक्षी असाच वागतो असंही नाही. अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय भागात काही ठिकाणी तो मोठी कोठारं करत नाही, जोडीजोडीनं राहतो आणि फळं संपली की स्थलांतर करतो. याचा पसारा दक्षिणेला मेक्सिको ओलांडून थेट कोलंबियापर्यंत आहे. अ‍ॅरिझोनाच्या त्या ठिकाणी मोठं कोठार नाही, तसं मोठं एकत्र कुटुंबही नाही.

कोठाराची किंमत किती, हे कळतं ते जागा रिकामी झाल्यावर. कुटुंबातल्या सगळ्या प्रजनन करणाऱ्या माद्या मेल्या तर घरातल्या मुलींना ती जागा मिळत नाही, कारण आत त्यांचा बाप आहे. ही जात सग्यांशी जोडी टाळते. मग बाहेरून बहिणींच्या टोळ्या येतात आणि जागेसाठी झुंजतात. भाऊबंदकी म्हणतो त्याच्याही पुढची ही गोष्ट, कारण इथे भावंडं फुटत नाहीत, एकजुटीनं दुसऱ्या भावंडांशी लढतात. याचं सर्वांत बारीक निरीक्षण २०२०मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आपले साहस बर्वे. त्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर लहान रेडिओ-यंत्रं बसवली. त्यातून दिसलं की लढणारे दिवसाला दहा-दहा तास झुंजतात आणि दिवसेंदिवस परत येतात. आणखी आश्चर्य म्हणजे ज्यांना त्या जागेशी काही घेणं नाही असे पक्षी तीन किलोमीटरवरून नुसते बघायला येतात आणि आपलं घर सोडून रोज तासभर तिथे बसतात. कोण जिंकतो, कोण हरतो, हे माहीत असणं त्यांना एवढं मोलाचं वाटतं. मी अशी झुंज एकदाच पूर्ण पाहिली आहे. रक्ताळलेले पक्षी जमिनीवर एकमेकांत अडकून पडले होते आणि मी पाच पावलांवर उभी आहे याची त्यांना शुद्ध नव्हती.

घराच्या भिंतीचं सांगते. लाकडी फळ्यांची भिंत त्याला वठलेल्या झाडासारखीच वाटते. खरा घोटाळा होतो तो भिंत पोकळ असली की. भोक आरपार जातं, टाकलेलं एकॉर्न आत पडतं, भोक रिकामंच दिसतं, म्हणून तो पुन्हा टाकतो. २०२३च्या सुरुवातीला सोनोमा परगण्यातल्या ग्लेन एलन इथे एका घराच्या भिंतीतून अंदाजे ७०० पौंड, म्हणजे तीनशे किलोहून जास्त, एकॉर्न निघाली. अ‍ॅरिझोनात पूर्वी एका लाकडी पाण्याच्या टाकीत अंदाजे २२० किलो टाकलेली आढळली होती. त्यातलं एकही पक्ष्याच्या कामी आलं नाही, कारण आत पडलेलं त्याला काढता येत नाही. एवढे कष्ट वाया गेलेले पाहून मला पक्ष्याचंच वाईट वाटतं. मुलीला सांगा, भोकं आत्ताच, फळं पिकण्याआधी, लाकडानं किंवा पत्र्यानं पक्की बुजवायची आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडून पक्ष्यांची जाळी ताणून बांधायची. चमकत्या पट्ट्या आणि खोटी घुबडं चार दिवस काम करतात, नंतर पक्षी त्यांना सरावतात. पक्ष्याला मारणं किंवा पकडणं मात्र चालणार नाही. १९१८च्या केंद्रीय कायद्यानं त्याला संरक्षण आहे. आणि अंगणात वठलेलं झाड असेल, ते पडून कोणाला इजा होणार नसेल, तर ते तोडू नका. कोठाराचं झाड गेलं की तीच चोच भिंतीकडे वळते.

राहिले आपल्याकडचे सुतार. त्यांच्यात असं कोठार करणारा कोणी नाही. सोनपाठी सुतार साताऱ्यात तुमच्या आंब्यावर येत असेल. तो मुंग्या आणि अळ्या टिपतो, आणि त्या त्याला बारा महिने मिळतात. तांबूस सुतार तर झाडावरच्या मुंग्यांच्या घरट्यातच आपली ढोली करतो, इतका तो मुंग्यांशी बांधलेला. पिवळ्या डोक्याचा मराठा सुतार तुम्ही माळावरच्या बाभळीवर पाहिला असेल. त्याच्या शास्त्रीय नावातच 'महरत्तेन्सिस' आहे. एकदम मिळणारं, टिकणारं आणि पुढे महिनोन्‌महिने न मिळणारं असं पीक यांच्या वाट्याला नाही, त्यामुळे साठवणीची पाळीच येत नाही.

येत्या शनिवारी त्या झाडाकडे गेलात तर आणखी एक पाहा. बुंध्याच्या खालच्या भागातली भोकं कडेनं काळपट, गुळगुळीत झालेली असतील आणि वर फांदीकडे काही पिवळसर, धारदार कडांची. काळी ती जुनी, पिवळी ती गेल्या हिवाळ्यातली. पिवळी किती आहेत ते मोजून मला कळवा. त्यावरून हे कुटुंब वाढतं आहे की नुसतं जुन्यावर टिकून आहे, याचा मला अंदाज येईल.